जुनं करायचं काम

गावातनं खाली मिनीबस मीच नेतो.
तेव्हाही मीच नेली होती:
अकरा पोरं, अक्रोडांच्या पिशव्या, एक बिघडलेला रेडिओ,
आणि बिंगोलच्या स्टँडवर इस्तंबूलची गाडी तयार.
शेहमूस तिच्या दारातून ओरडला,
"झुल्कुफ, भाडं मांडून ठेव, पहिल्या पगारात देतो!"
आवाज समोरच्या डोंगराला लागून परत आला होता.
भाडंही आलं. सगळ्यांचं आलं. खोटं कशाला बोलू.

काम काय, तर नवं जुनं करायचं.
कोऱ्या निळ्या जीन्स, ताठ, खळीचा वास असलेल्या,
त्यांच्यावर नळीनं वाळू मारायची
मांडीवर, गुडघ्यावर,
जिथं एखादा माणूस दहा वर्षं राबला असता
तर कापड विटलं असतं, नेमकं तिथं.
कुणाची तरी दहा वर्षं, चार मिनिटांत.
खिडक्या बंद. धूळ बाहेर गेली तर शेजारी तक्रार करतील.
तोंडाला कागदी मास्क, तो दुपारपर्यंत भिजून लगदा.
रात्री तिथंच, गठ्ठ्यांवर झोप.
बहात्तिन सांगायचा, दिवा लावला की
खोलीत बर्फ पडतोय असं वाटायचं,
घरची आठवण यायची.

वाळूच ती.
ओढ्यात खेळताना मुठीमुठीनं खाल्ली असेल आम्ही.
वाळूला कोण भितं?

बहात्तिन पहिला गेला. सव्वीस वर्षांचा.
दोन वर्षं क्षयाच्या गोळ्या घेत होता.
क्षय नव्हताच.
मग नेव्झात.
नेव्झातच्या लग्नातले फुगे अजून माझ्या सीटखाली आहेत,
न फुगवलेले.

आता गावात अंतर थांब्यांत मोजतात.
मशिदीपासून शेहमूसचं घर तीन थांबे,
थंडीत पाच.
पहिला नळाशी, दुसरा तुतीखाली.
तिसऱ्या जागेला नाव नाही,
तिथं गुलिझारनं नुसती एक खुर्ची ठेवलीय
आणि ती कोणी उचलत नाही.

कोर्ट विचारतं, कामाला होता त्याचा कागद?
मालक म्हणतो, मी या माणसाला ओळखत नाही.
कारखान्याच्या तळघरात आता मोबाईलची गोदामं.
वकील म्हणाला, जरा दम धरा.
शेहमूस हसला. हसला की खोकतो,
खोकला की आम्ही सगळे छताकडं बघतो.
मग म्हणाला,
"दमच धरता येत नाही, वकीलसाहेब.
खटला त्याचाच आहे."

ऑक्सिजनचं यंत्र रात्रभर घरघरतं.
वीज गेली की गुलिझार माझं दार वाजवते. बोलत नाही काही.
मी गाडी त्यांच्या अंगणात लावतो,
बॅटरीवरून वायर खिडकीतनं आत,
इंजिन चालू.
धूर घराकडं जाऊ नये म्हणून
तोंड घराकडं, शेपूट दरीकडं.
अशा किती रात्री बसलोय स्टिअरिंगला हात लावून,
कुठंच न जाणारी गाडी चालवत.

परवा तपासणीला नेलं.
"फुंका. जोरात. अजून. अजून. अजून."
पडद्यावरची रेघ चढायला गेली
आणि बसली,
आमच्या घाटात जुनी ट्रक बसते तशी.
फुंकायला सांगणारी पोरगी तरणी, चांगली, थकलेली.
पांढऱ्या कोटाखाली निळी जीन्स, गुडघ्यावर विटकी.
शेहमूस तिच्या गुडघ्यांकडं बघत राहिला,
मला लाज वाटली, म्हटलं, काय करतोस.

परतीच्या चढावर, दुसऱ्या गिअरमध्ये,
बऱ्याच वेळानं,
दोन दोन शब्द करून तो बोलला:
"डावा गुडघा... कच्चा होता.
नळी... फार जवळ धरली.
नवशिक्या असणार... कोणीतरी."

पुढच्या वळणावर खिडकीची काच त्यानं खाली केली.
"कुठल्या गावचा असेल रे?"